कोणापेक्षा? : इंग्रजीतल्या तुलनेची ओळख

सांजचा स्वयंपाक चालू असेल, तर चालू द्या. भाकरी थापता थापता ऐकता येईल असंच आज बोलणार आहोत. विषय मात्र थोडा शाळेतला आहे. इंग्रजीत एका वस्तूची दुसरीशी तुलना कशी करतात, म्हणजे लहान-मोठं, स्वस्त-महाग कसं सांगतात, ते आज पाहू.

तुम्ही म्हणाल, बचत गटाच्या बायांना हे व्याकरण कशाला? त्याचं उत्तर आमच्याच एका फजितीत आहे.

दोन वर्षांपूर्वी आमच्या गटाला उडदाच्या पापडाची ऑर्डर मिळाली. पहिला माल गेला, तो पसंत पडला. दुसऱ्या वेळी व्यापाऱ्याचा मोबाईलवर इंग्रजीत निरोप आला. त्यात दोनच शब्द मुद्द्याचे होते, ‘थिनर’ आणि ‘स्मॉलर’. सगळ्या मिळून वाचत बसलो. आमच्यातल्या एक मावशी म्हणाल्या, “थिनर त रंगात टाकते व माय! पापडात काऊन टाकाचं?” सगळ्या हसलो. मग कोणीतरी म्हणालं, चुकून लिहिलं असेल, आपण मागच्यासारखेच करू. तसेच केले. माल परत आला. व्यापाऱ्याला मागच्यापेक्षा पातळ आणि मागच्यापेक्षा लहान पापड हवे होते. चूक त्याची नव्हती, आमची होती. ते पापड आम्ही गावात आणि आठवडी बाजारात कमी भावात विकले, पण मजुरी निघाली नाही.

त्या दिवसापासून महिन्याच्या बैठकीत हिशेब झाला की अर्धा तास इंग्रजी, असं आम्ही ठरवलं. आमच्यापैकी बहुतेकींचं इंग्रजी पाचवीपासून सुरू झालं होतं. राज्यातल्या मराठी शाळांत ते पहिलीपासून आलं 2000 साली. म्हणजे आपली पोरं आपल्यापेक्षा चार वर्षं पुढे आहेत. म्हणून पोरांनाही बैठकीत बसवलं. कुठे अडलं तर त्यांची पुस्तकं होतीच.

आता मूळ गोष्टीकडे येऊ. आपण मराठीत तुलना कशी करतो? “अकोला अकोटपेक्षा मोठं आहे.” यात ‘मोठं’ हा शब्द बदलला का? नाही. “अकोट मोठं आहे” यातही ‘मोठं’, आणि “अकोला अकोटपेक्षा मोठं आहे” यातही ‘मोठं’च. सगळं काम ‘पेक्षा’ करतो. वऱ्हाडीत आपण ‘पक्षा’ म्हणतो, जुनी माणसं ‘परीस’ म्हणतात, पुस्तकात ‘हून’ असतं. शब्द कोणताही घ्या, तो ज्याच्याशी तुलना करायची त्याला चिकटतो. गुण सांगणारा शब्द आपल्या जागी जसाच्या तसा राहतो.

इंग्रजीत तसं नाही. तिथे गुण सांगणारा शब्द स्वतःच बदलतो. मोठं म्हणजे ‘बिग’. त्यापेक्षा मोठं म्हणजे ‘बिगर’. सगळ्यांत मोठं म्हणजे ‘बिगेस्ट’. आणि आपल्या ‘पेक्षा’चं काम करायला ‘दॅन’ हा वेगळा शब्द येतो. म्हणून “अकोला इज बिगर दॅन अकोट.” आपली नेहमीची चूक कोणती, तर आपण म्हणतो, “अकोला इज बिग दॅन अकोट.” ही चूक आपण ढ असतो म्हणून होत नाही. मराठीत ‘मोठं’ बदलत नाही, म्हणून इंग्रजीतही ‘बिग’ला हात लावायचं आपल्या लक्षात येत नाही. कारण एकदा कळलं की चूक सुधारायला सोपी जाते.

दुसरी गोष्ट जागेची. मराठीत ‘पेक्षा’ नावाच्या मागून येतो, अकोट-पेक्षा. इंग्रजीत ‘दॅन’ नावाच्या आधी येतो, दॅन अकोट. हे दोन्ही एकदम पाठ करायला एकच वाक्य ठेवा. आमच्या गटात हे ठेवलं आहे, “ट्रेन इज चीपर दॅन बस.” अकोट-अकोला जाणाऱ्या सगळ्यांना पटेल असं वाक्य आहे.

आता ‘अर’ कुठे लावायचं आणि कुठे नाही? यासाठी वही लागत नाही, टाळी लागते. शब्द हळू म्हणा आणि प्रत्येक ठोक्याला एक टाळी वाजवा. ‘चीप’, एक टाळी. ‘टॉल’, एक टाळी. ‘स्मॉल’, एक टाळी. एका टाळीचा शब्द असला की शेवटी ‘अर’ लावायचं. चीपर, टॉलर, स्मॉलर. सगळ्यांत जास्त सांगायचं तर ‘एस्ट’ लावायचं. चीपेस्ट, टॉलेस्ट, स्मॉलेस्ट.

आता ‘एक्स-पेन-सिव्ह’ म्हणून पाहा, म्हणजे महाग. तीन टाळ्या. ‘ब्यू-टि-फुल’, तीन टाळ्या. एवढ्या लांब शब्दाला शेपूट लावलं तर ते ओढवत नाही. म्हणून त्याच्या पुढे ‘मोअर’ म्हणजे ‘अधिक’ हा शब्द ठेवायचा. मोअर एक्सपेन्सिव्ह, मोअर ब्यूटिफुल. सगळ्यांत जास्तसाठी ‘मोस्ट’.

मधले राहिले दोन टाळ्यांचे. त्यातले शेवटी ‘ई’चा आवाज असणारे, म्हणजे लिहिताना वाय अक्षराने संपणारे, बहुतेक ‘अर’ घेतात. हॅपी-हॅपियर, हेवी-हेवियर, स्पायसी-स्पायसियर. सिंपल आणि नॅरो यांनाही ‘अर’ चालतं. बाकीचे बरेचसे ‘मोअर’ घेतात, जसं केअरफुल, यूसफुल. काही शब्दांना दोन्ही चालतं. पण एकाच शब्दाला दोन्ही लावू नका. ‘मोअर चीपर’ म्हणजे “जास्त अधिक स्वस्त” असं झालं. एका पातेल्यावर दोन झाकणं ठेवायची नाहीत.

लिहिताना तीन गोष्टी सांभाळा. शब्दाच्या शेवटी आधीच ई अक्षर असेल, तर फक्त आर जोडायचा. लार्ज-लार्जर. शेवटी वाय असेल आणि त्याच्या आधी व्यंजन असेल, तर वायचा आय करायचा आणि मग ई-आर. हेवीचं हेवियर असंच लिहितात. आणि एका टाळीच्या शब्दाच्या शेवटी एकच स्वर आणि त्यानंतर एकच व्यंजन असेल, तर ते व्यंजन दोनदा लिहायचं. बिगर लिहिताना दोन जी, हॉटर लिहिताना दोन टी, आणि आमच्या फजितीच्या थिनरमध्ये दोन एन. चीपमध्ये ई-ए असे दोन स्वर आहेत, म्हणून तिथे पी एकच. ‘लो’ म्हणजे खालचं, त्याच्या शेवटी डब्ल्यू आहे, तो कधी दुप्पट होत नाही.

काही शब्द मात्र कोणत्याच नियमात बसत नाहीत. घरातल्या एखाद्या हट्टी पाहुण्यासारखे ते आहेत तसेच सांभाळायचे. चांगलं म्हणजे ‘गुड’, पण त्याचं ‘गुडर’ होत नाही. गुड, बेटर, बेस्ट. वाईट म्हणजे ‘बॅड’. बॅड, वर्स, वर्स्ट. थोडं म्हणजे ‘लिटल’. लिटल, लेस, लीस्ट. पुष्कळ म्हणजे ‘मेनी’ किंवा ‘मच’. त्यांचं मोअर, मोस्ट. हे पाठच करावे लागतात. पण यातले निम्मे तुम्हाला आधीच येतात. पुष्कळ पाकिटांवर ‘बेस्ट बिफोर’ छापलेलं असतं. म्हणजे या तारखेच्या आधी माल सगळ्यांत चांगल्या स्थितीत असेल. नंतर चव आणि कुरकुरीतपणा यांची हमी नाही. ‘एक्सपायरी’चा अर्थ वेगळा आहे. ती तारीख गेली की खायचंच नाही. हा फरक लक्षात ठेवा.

असे शब्द आपल्या रोजच्या तोंडातही आहेत. रेल्वेचं तिकीट काढताना ‘लोअर बर्थ’ मागतो. लोअर म्हणजे अधिक खालचा. गाडी स्टेशनाबाहेर थांबली की म्हणतो, “आउटरवर उभी आहे.” आउटर म्हणजे अधिक बाहेरचा सिग्नल. ‘सीनियर’ आणि ‘ज्युनिअर’ हेही तुलनेचेच शब्द आहेत. ते लॅटिन भाषेतून आले, म्हणून त्यांना ‘दॅन’ चालत नाही, ‘टू’ लागतं. “शी इज सीनियर टू मी.”

मात्र शेवटी ‘अर’ ऐकू आलं म्हणजे दरवेळी तुलनाच असते असं नाही. टीचर म्हणजे शिकवणारी. फार्मर म्हणजे शेती करणारा. ओळखायचं कसं? ‘अर’ काढून टाका आणि काय उरलं ते पाहा. गुण उरला तर तुलना. काम उरलं तर ते काम करणारा. ‘थिन’ या शब्दाचे दोन्ही अर्थ होतात, पातळ आणि पातळ करणं. म्हणून रंग पातळ करणारं तेही थिनर आणि जास्त पातळ पापड तोही थिनर. म्हणजे आमच्या मावशी अगदीच चुकल्या नव्हत्या!

आता तुम्हाला वाटेल, हे शेपूट लावण्याचं काम आपल्या भाषेला परकंच आहे. तसंही नाही. पोरांच्या गणितात लसावि-मसावि असतात. लघुतम, महत्तम. ‘तर’ आणि ‘तम’ ही संस्कृतातली शेपटंच आहेत. उच्च, उच्चतर, उच्चतम. ‘तरतमभाव’ हा शब्द त्यातूनच आला. त्याहून जवळचं उदाहरण आपल्या महालक्ष्म्यांचं. भाद्रपदात आपण दोघी बसवतो, आंबील करतो. त्यांची नावं काय? ज्येष्ठा आणि कनिष्ठा. ज्येष्ठ म्हणजे सगळ्यांत मोठी, कनिष्ठ म्हणजे सगळ्यांत धाकटी. श्रेष्ठ, वरिष्ठ, कनिष्ठ यांतलं ‘इष्ठ’ आणि इंग्रजीतलं ‘एस्ट’ ही एकाच जुन्या मुळाची दोन रोपं आहेत, असं भाषेचे अभ्यासक सांगतात. हे सांगितल्यावर आमच्या एक सासूबाई म्हणाल्या, “म्हंजे बिगेस्ट आपल्या घरीच बसते दरसाल!”

इथपर्यंत झालं व्याकरण. आता ज्यासाठी आम्ही आज मुद्दाम बोलायला आलो, ते सांगतो.

मराठीत ‘पेक्षा’ काढून टाकला तर तुलना उरत नाही. “हे दुकान स्वस्त आहे” एवढंच उरतं. इंग्रजीत ‘दॅन’ काढून टाकला तरी ‘चीपर’मध्ये तुलना शिल्लक राहते. शब्दातच ती भरलेली असते. त्यामुळे इंग्रजीत नुसतं ‘चीपर’ म्हणून सोडून देता येतं, आणि कशापेक्षा चीपर हे सांगायचं टाळता येतं. जाहिराती हेच करतात. साबण म्हणतो व्हायटर. पाकीट म्हणतं बिगर. मलम म्हणतं फास्टर. कोणापेक्षा, ते कोणीच सांगत नाही.

आमच्या भागातल्या काही बायांच्या हातात असाच एक कागद आला. त्यावर मोठ्या अक्षरांत होतं, “लोअर इंटरेस्ट.” म्हणजे कमी व्याज. खाली लिहिलं होतं, वर्षाला 12 टक्के. आपल्या गटात कर्जाला महिना दीड टक्का व्याज घेतो, म्हणजे वर्षाचे 18 टक्के. बाया म्हणाल्या, “बारा त अठरापक्षा कमीच हाये ना?” आणि तिघींनी तिकडून कर्ज उचललं. त्याच कागदावर बारीक अक्षरांत एक शब्द होता, ‘फ्लॅट’. तो कोणी वाचला नव्हता. तेव्हा आम्हीही नाही.

आता हिशेब ऐका. 10,000 रुपये, एक वर्षासाठी, बारा हप्ते. फ्लॅट म्हणजे पूर्ण 10,000 वर वर्षभर व्याज. हप्ते भरत गेलात, मुद्दल कमी होत गेलं, तरी व्याज पूर्ण रकमेवरच धरलं जातं. बारा टक्क्यांनी झाले 1,200 रुपये.

गटात आपण काय करतो? राहिलेल्या मुद्दलावर व्याज घेतो. पहिल्या महिन्यात 10,000 वर दीड टक्का, म्हणजे 150 रुपये. मुद्दलाचा बारावा भाग फिटला की दुसऱ्या महिन्यात त्याहून कमी. असं उतरत उतरत शेवटच्या महिन्यात फक्त साडेबारा रुपये. बारा महिन्यांची बेरीज केली तर व्याज होतं 975 रुपये. म्हणजे 12 टक्क्यांचं कर्ज 1,200 ला पडलं आणि 18 टक्क्यांचं 975 ला. आकड्यानं लोअर, पण खिशाला हायर. 40,000 चं कर्ज असेल तर फरक 900 रुपयांचा होतो. तेवढ्यात पोरीची वह्या-पुस्तकं येतात.

कागदावर खोटं काही लिहिलं नव्हतं. बारा हा अठरापेक्षा लहानच आहे. पण दोन वस्तू एकाच मापानं मोजल्या तरच तुलना खरी. एक शेर न् दुसरा किलो घेऊन कोण जास्त, ते कसं सांगणार? म्हणून कर्जाचा कागद हातात आला की दोन प्रश्न विचारा. पहिला, “लोअर दॅन व्हॉट?” म्हणजे कोणापेक्षा कमी? आणि दुसरा, व्याज पूर्ण रकमेवर की राहिलेल्या मुद्दलावर? तेही नाही जमलं तर एवढंच विचारा, “हातात किती येतील आणि एकूण किती परत करायचे?” या प्रश्नाला पळवाट नाही.

माप कोण ठरवतं, यावर किती अवलंबून असतं, हे आपल्या वऱ्हाडाइतकं कोणाला ठाऊक असेल? 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झालं. तिकडचा कापूस अडकला आणि इंग्लंडच्या गिरण्यांची नजर आपल्या कापसाकडे वळली. पण त्यांची तक्रार कायम राहिली, हा धागा आखूड आहे, आम्हाला ‘लाँगर’ हवा. लाँगर कोणापेक्षा? वऱ्हाडच्या कापसापेक्षा, म्हणजे अमेरिकेच्या कापसासारखा. त्यांच्या यंत्रांच्या मापानं आपला कापूस खालचा ठरला. पण कमी पावसात तग धरण्याचं माप लावलं असतं, तर गावरान कापूस वरचा ठरला असता. कापूस तोच, माप बदललं की त्याची पायरीही बदलते.

हेच घरातही चालतं. “मोठ्या जावेपेक्षा ही सावळी”, “तिच्यापेक्षा ही हुशार नाही.” असं कोणी म्हणालं की मनात तोच प्रश्न विचारायचा. कोणत्या मापानं? आमच्या गटातली जी ताई बँकेत बोलायला सगळ्यांत जास्त घाबरते, तिचा कीर्दीचा हिशेब सगळ्यांत चोख असतो.

आता घरचा अभ्यास. ही चार वाक्यं आज रात्री पोरांना घेऊन मोठ्यानं म्हणा. “ऑरेंज इज स्वीटर दॅन लेमन.” “मे इज हॉटर दॅन जानेवारी.” “नरनाळा इज ओल्डर दॅन अवर स्कूल.” आणि टाळ्या मोजून, “गोल्ड इज मोअर एक्सपेन्सिव्ह दॅन कॉटन.” मग पाचवं वाक्य तुमच्या मालाचं करा. पापड, लोणचं, मसाला, पानपिंपळी, जे काही असेल ते. फक्त ‘दॅन’ विसरू नका. आपण ग्राहकाला कोणापेक्षा, हे सांगू शकलो पाहिजे.

त्या तिघींचं विचाराल, तर दोघींचं कर्ज फिटलं. तिसरीचे चार हप्ते बाकी आहेत, ती भरते आहे. आणि परवाच्या बैठकीत नवीन कागद घेऊन एकजण आली, तेव्हा सगळ्यांत आधी तीच म्हणाली, “थांब व बाई. पहिले इचार, कोणापक्षा?”